एका भोकाचा लॅपटॉप

सांगा बघू, या गोष्टीत शेवटाला किंमत कोण मोजतं?

माणसं तीनच. एक फकीर, एक लॅपटॉप घडवणारा साहेब आन् एक फोटोवाली बाई. लावा पैज. हरणार बघा तुम्ही. लई शहाणी माणसं हरली हायती हितं...

"काय सोडलंस?" गुलाबशा फकिरानं इचारलं.

"सोडलं म्हणजे?"

"यात काय काय घातलंस ते घटकाभर ऐकलं. आता काय सोडलंस ते सांग."

शार्दूल तांबटाच्या कपाळावरची शीर टर्रकन फुगली. पुण्यावरनं एवढा घाट चढून आला, बूट मातीत घातले, फकिराच्या चटईवर मांडी घालून बसला, आन् म्हातारा हे इचारतो!

चटईवर त्याचा लॅपटॉप पडला व्हता. नवाकोरा. दुमडला की ताटाएवढा पातळ. उन्हात असा चमकत व्हता की चिंचेवरचा कावळा खाली येऊन बघून गेला.

आता ह्यो साहेब हितं कसा, ते ऐका.

टेकडीखालच्या गावाची एक रीत हाय. कुंभाराचं पहिलं मडकं, लोहाराचा पहिला विळा, सुताराचा पहिला पाट... जे नवं घडवलं त्यातलं पहिलं घेऊन टेकडीवर गुलाबशाच्या तकियावर यायचं. तकिया म्हंजे काय, तर चिंचेखाली एक मातीची खोली आन् पुढं चटई. वस्तू चटईवर मांडायची. फकीर एकच सवाल करणार, काय सोडलंस? त्याचं खरं उत्तर दिल्याबिगर माल बाजारात न्यायचा न्हाई.

शार्दूलचा आजा तांब्याचे हंडे घडवायचा. त्यो येऊन सांगायचा, "बाबा, औंदा तांबं महाग हाय, बूड पातळ सोडलंय." फकीर म्हणायचा, "मंग गिऱ्हाइकाला पण असंच सांग." आजा सांगायचा. हंडा तरीबी खपायचा.

नातू पुण्याला गेला, शिकला, मोठा डिझायनर झाला. त्याच्या कंपनीचा ह्यो लॅपटॉप नुकताच बाजारात आला. पहिला माल हातोहात गेला. मंग बोंब उठली. कुणी म्हणलं भोकं कुठं गेली, कुणी म्हणलं दुरुस्तीला उघडत का न्हाई. आता दुसरा माल काढायचा, पहिल्याच्या धा पट. कारखाना तयार. साहेबाचा फकस्त "हो" पाहिजे, आज दिवस मावळायच्या आत.

आन् आईनं शपथ घातलेली. तकियावर मांडल्याबिगर "हो" म्हणशील तर माझं मेलेलं तोंड बघशील.

म्हणून आला. रागानं आला.

"बाबा, मी काहीही सोडलेलं नाही," शार्दूल म्हणला. "मी निवडलंय. फरक असतो."

"असंल."

"एक घेतलं की दुसरं द्यावं लागतं. पातळ पाहिजे तर भोकं कमी. हलका पाहिजे तर बॅटरी लहान, आणि ती सुद्धा चिकटवलेली. वेगवान पाहिजे तर सगळं एकाच बोर्डावर डाग देऊन पक्कं. लोकांना मात्र सगळंच पाहिजे! कागदासारखा पातळ पाहिजे, दिवसभर चालला पाहिजे, मांडीला चटका नको, पंख्याचा आवाज नको, स्वस्त पाहिजे, आणि वर भोकं पाहिजेत दहा! घरी कधी एक खिळा ठोकला नाही असली माणसं मला अक्कल शिकवतात!"

फकिरानं लॅपटॉप उचलला. तळहातावर तोलला. नाकाशी नेऊन वास घेतला.

"देखणा हाय," म्हणला.

"आहेच."

"भोकं किती?"

"एक."

"एकच?"

"एकातून सगळं होतं. वीज त्यातूनच, बाकीचं जोडायचं तेही त्यातूनच. आधी तीन होती. मी दोन काढली. त्यामुळे दोन मिलिमीटर वाचले."

"दोन मिलिमीटर म्हंजे?"

शार्दूलनं दोन बोटं जुळवून मधी फट दाखवली. फकिरानं डोळे बारीक केले. फट काय दिसंना. बोटं हातात धरून उन्हात नेली. तरी दिसंना.

"हाय म्हणतोस?"

"बाबा, थट्टा करू नका."

"मंग असं म्हण की. दोन भोकं सोडली."

"काढली!"

"बरं. काढली... कुणाची?"

शार्दूल चक्रावला. कुणाची म्हंजे काय? भोकं काय कुणाच्या नावावर असत्यात? असला सवाल कंपनीत कुणी इचारला असता तर त्यानं त्याला मिटिंगमधनं उठवला असता.

तेवढ्यात पायवाटेवरनं धापा टाकत एक बाई वर आली. काखेत फडक्यात गुंडाळलेलं कायतरी. आजारी लेकरू आणावं तसं.

ही अनुसया भिंगारे. खालच्या बाजारात तिचा फोटो स्टुडिओ. पंचक्रोशीत लगीन अनुसयाच्या कॅमेऱ्याबिगर लागत न्हाई. भटजीला उशीर झाला तर चालतो, हिला न्हाई.

"बाबा, ह्याच्यावर फुंकर घाला," ती म्हणली आन् फडकं सोडलं. "न्हाईतर ज्यानं ह्यो बनवला त्याच्यावर थुंका."

फडक्यात तसाच लॅपटॉप. तोच. फकस्त काळाठिक्कर, मेल्यावाणी.

गुलाबशाकडं लोकं दृष्ट लागलेली पोरं आणत्यात, दूध आटलेली म्हस आणत्यात. फकिरानं काय म्हणून इचारलं न्हाई. लॅपटॉप मांडीवर घेतला आन् फू करून फुंकर घातली.

"काय झालं लेकराला?"

"त्याचं ते एकुलतं एक भोक ढिलं झालं! च्यार्जर लावला तर सुटतो, लावला तर सुटतो. मंग एक दिवस बसलाच. आत माझी तीन लग्नं हायती बाबा! तीन नवऱ्या माझ्या दारात बसल्यात!"

"दुसरीकडं उतरवून ठिवायचं ते," शार्दूल म्हणला. त्याला गप बसवंना. "म्हणजे... फोटोंची दुसरी प्रत ठेवायची असते, ताई. हे तर प्रत्येकाला माहीत पाहिजे."

अनुसयानं त्याच्याकडं बघितलं. पुण्याचा पावणा दिसतोय, असं बघितलं.

"ठिवायची कशी, दादा? प्रत घ्यायला डबी, ती हार्ड डिस्क, लावली तर च्यार्जर कुठं लावू? च्यार्जर लावला तर डबी कुठं लावू? भोक एक! ह्याची बॅटरी पण लगेच मान टाकती. निम्मी प्रत झाली की मशीन झोपलं. परत च्यार्जर. परत डबी. मला काय तेवढाच धंदा हाय? सुपारी फुटलेल्या घरची लोकं उभी असत्यात दारात. कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या हळदीला पळायला लागतं."

"त्यासाठी एक जोडणी मिळते. एका भोकाची चार करणारी."

"मिळती की! इकत मिळती! आधी हाताची बोटं कापायची आन् मंग बोटं इकायची!"

फकीर खाली मान घालून मिशीत हसला.

"आन् त्यांच्या त्या सर्व्हिसवाल्याकडं नेला," अनुसया पेटलीच. "तिथली पोरगी म्हणती कशी, भोक गेलं म्हंजे बोर्ड गेला, नवा बोर्ड टाकू. म्हणलं आतली लग्नं? तर म्हणती, ती बोर्डासंगं जातात, मॅडम. जातात! जशी काय लग्नं स्वतःच्या पायानं उठून जातात! बाबा, तुमच्यापुढं सांगते, ज्यानं ह्यो घडवला त्याच्या घरी लगीन निघू दे. पाचशे माणूस जेवायला बसू दे. आन् पत्रावळ एकच असू दे. सगळ्यांनी तीच चाटू दे, भाड्यानं!"

"तोंड सांभाळून बोला!" शार्दूल ताडकन उठला.

"तुला का झोंबलं?"

"कारण मी बनवलाय तो!"

...

चिंचेवरचा कावळा उडून गेला.

अनुसयानं त्याला पायापासनं डोक्यापर्यंत न्याहाळलं. मंग फकिराला म्हणली, "बाबा, फुंकर लागली. माणूस पायानं चालत आला."

"आला खरा," फकीर म्हणला. "चल रे तांबटा, आत ये. च्या पिऊ. बाई, तू बस गार वाऱ्याला."

शार्दूल पाय आपटतच आत गेला. दारातनं वाकून जायला लागतं एवढी ती खोली. कोपऱ्यात चूल, वर छपराच्या खाली धूर जायला टोपलीएवढं धुराडं. फकिरानं चुलीत लाकडं घातली. ओली. मुद्दाम ओली. शार्दूलला काय कळतंय ओलं आन् सुकं!

मंग फकीर उठला, अंगावरची गोधडी काढली, तिचा गोळा केला आन् धुराड्यात कोंबला.

"हे काय करताय?"

"हे भोक कायम वंगाळ दिसायचं. आता बघ. सरळ भिंत. देखणी."

आन् जाऊन दारात बसला. पाठ बाहेर, तोंड आत. म्हातारा तसा आडवातिडवा. दार भरून गेलं.

धूर निघाला. आधी छपराला लागला, मंग खाली उतरला, मंग शार्दूलच्या मांडीवर बसला.

"बाबा, धूर होतोय."

"व्हतोय."

"ती... ती गोधडी काढा."

"भिंत वाईट दिसंल."

शार्दूल खोकला. डोळ्यातनं पाणी. उठून धुराड्याकडं हात केला तर हात पुरंना. दाराकडं आला.

"बाजूला व्हा!"

"मी बसलोय."

"मला बाहेर जायचंय!"

"जा की. दुसऱ्या दारानं जा."

"दुसरं दार नाहीये!"

"का न्हाई?"

"का म्हणजे? तुम्ही ठेवलं नाही! मूर्खासारखी एकच..."

शार्दूल थांबला.

फकीर मांडी घालून बसलेला. त्याच्या पण डोळ्यातनं पाणी येत व्हतं, पण त्यो मजेत.

"एकातनं सगळं व्हतं की रे," त्यो म्हणला. "माणूस ह्यातनंच, उजेड ह्यातनंच, धूर पण ह्यातनंच. फकस्त एकाला एक म्हणून जायला लागतं. तू थांब. आधी माझं बसणं व्हऊ दे."

शार्दूलनं त्याला अक्षी ढकलला आन् बाहेर पडला. चिंचेच्या बुंध्याला धरून खोकला, खोकला, वाकून वाकून खोकला. अनुसया पदर तोंडात कोंबून हसत व्हती. तिला तीन नवऱ्यांचा विसर पडला.

"ही थट्टा आहे?" शार्दूल वरडला. "याच्यासाठी मी घाट चढून आलो? तुम्हाला वाटतं मला हे कळत नाही? खोली वेगळी, लॅपटॉप वेगळा! खोलीत माणूस असतो! लॅपटॉपमध्ये कोणी माणूस कोंडलेला नसतो!"

अनुसयाचं हसू गेलं.

"माझ्यात हाय," ती म्हणली.

"काय?"

"माझ्यात कोंडलेला माणूस हाय. येसबा मोळे, माळवाडीचा."

आन् तिनं सांगितलं. ह्यो येसबा जल्माचा तुसडा. कुणाशी बोलंल तर भांडायलाच. फोटो म्हणलं की काठी उगारायचा. जत्रेत न्हाई, मुंजीत न्हाई, कुणाला फोटो काढू दिला न्हाई. आधार कार्डाला सरकारनं जबरीनं काढला तेवढा एक, त्यो पण कपाळाला आठ्या घातलेला. पण त्याच्या लेकीच्या, हिराच्या लग्नात गंमत झाली. हिरानं गडबडीत माळ नवऱ्याच्या गळ्यात टाकायची ती भटजीच्या गळ्यात टाकली. मांडव हसला. आन् मांडवाच्या खांबाशी येसबा... येसबा हसला. पोट धरून. पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडं टाकून. अनुसयानं टिपला.

"आन् मंग थोड्याच दिसात गेला बिचारा. झोपेत गेला. उद्या तेरावा हाय. हिरा रोज येती दुकानात. म्हणती, मावशी, बाकीचं लगीन गेलं तर जाऊ दे, मला माझा आप्पा काढून दे. चौकट आणून ठिवलीय पोरीनं. रिकामी."

खोलीच्या दारातनं धूर निघत व्हता.

शार्दूलच्या आत कायतरी हललं. पण साहेबच त्यो. हललं ते बाहेर दिसायच्या आत त्यानं त्याचा ताठा केला.

"इकडे द्या," म्हणला. "मी काढून देतो."

"सर्व्हिसवाली म्हणली..."

"सर्व्हिसवालीला काय कळतंय! मी बनवलाय तो. भोक गेलंय, बोर्ड जिवंत आहे. उपाशी आहे फक्त. माझ्या याच्यातली भरलेली बॅटरी काढतो, तुमच्यात घालतो. मशीन उठेल. फोटो हवेतूनच माझ्या फोनमध्ये घेतो. भोकाची गरजच नाही."

बघा, मुळात हुशार पोरगा. डोकं काय कमी न्हाई.

"पुण्याला न्यायचं का, तुमच्या हत्यारांपाशी?" अनुसया भीत भीत म्हणली.

"उद्या तेरावा आहे ना? मग?"

त्यानं फकिराकडं बघितलं. फकिरानं आत जाऊन लाकडी उलथनं आणलं आन् त्याच्यापुढं ठिवलं.

पहिला त्यानं स्वतःचा लॅपटॉप उघडायला घेतला. तकियावर मांडायला आणलेला, पहिला. स्क्रू न्हाई. कुठंच न्हाई. कड चिकटवलेली. चुलीच्या तापल्या दगडावर फडकं टाकून त्यावर शेकला, डिंक मऊ पडला, कडंला उलथनं घातलं, रेटलं... काच कडाडली. या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत.

शार्दूलनं दात खाल्ले.

"कुणी चिकटवलं रे हे?" फकिरानं साळसूदपणे इचारलं.

"मी."

"लई पक्कं चिकटवलंस. शाब्बास."

आतली बॅटरी पण चिकटवलेली. शार्दूल उलथन्यानं उचलतोय, घाम पुसतोय, उचलतोय. त्याला म्हाईत व्हतं हिला वाकवायची न्हाई. पण डिंक सोडंना. ओढता ओढता एक कोपरा वाकलाच. जरासा. पुरीचा काठ वाकावा तेवढा.

त्यानं बघितलं. अनुसयानं पण बघितलं.

"चालेल," त्यो म्हणला.

मंग अनुसयाचा उघडला, त्याच्यातली मेलेली बॅटरी काढली, आपली घातली. कळ दाबली.

...

उजेड आला!

अनुसयानं फकिराचे पाय धरले. शार्दूलचे न्हाई. त्याला ते जरा लागलं.

पडद्यावर तीन लग्नं वळीनं उभी राहिली. शार्दूलनं फोन काढला, जोडला, बोटं भराभर चालवली.

"आधी माळवाडीचं घ्या," अनुसया म्हणली. "आधी येसबा."

"ताई, मला करू द्या. ते सगळ्यात मोठं आहे. लहान दोन आधी होतील, पटापट. मोठं शेवटी. हे असंच करतात."

"आवं पण आधी तेच..."

"मला कळतं!"

"सगळं लगीन नको. एकच फोटो घ्या. खांबापाशी उभा हाय बघा, तेवढा एक..."

"एकेक शोधत बसलो तर दिवस जाईल. सगळे एकदम येणारच आहेत की! तुम्ही जरा मागे सरका, उजेड अडतोय."

अनुसया मागं सरकली. फकीर चिंचेला टेकून बसला व्हता. डोळे मिटलेले. पण झोपलेला नसावा, कारण मिशी हलत व्हती.

पहिलं लगीन फोनात आलं. सगळं. हळदीपासनं पाठवणीपर्यंत.

दुसरं आलं.

"बघा," शार्दूल म्हणला. त्याच्या आवाजात परत तेच, पुण्याचं. "सांगत होतो ना?"

तिसरं सुरू झालं. पडद्यावर निळी पट्टी रांगत निघाली. एकेक फोटो पडद्यावर लुकलुकून जात व्हता. मांडव. कलवऱ्या. आंतरपाट. भटजीच्या गळ्यात माळ...

"आला, आला, आता आप्पा!" अनुसया पुढं वाकली.

जळक्या रबरासारखा वास आला.

शार्दूलनं खाली बघितलं. बॅटरीच्या वाकल्या कोपऱ्याला पोट सुटलं व्हतं. त्यानं हात घातला, चटका बसला, परत घातला, तवर तडतड झालं. निळी ठिणगी बॅटरीवरनं बोर्डावर उडाली. धूर निघाला, बारीकसा, उदबत्तीसारखा.

पडदा काळा.

फकिरानं पळत येऊन त्यावर राख वतली. शार्दूल तळहात काखेत दाबून बघत राहिला. बोर्डावर जिथं सगळं पक्कं डाग देऊन बसवलं व्हतं, तिथं काळं वर्तुळ पडलं व्हतं.

"हे..." अनुसया म्हणली. "परत चालू कराल न्हवं?"

"नाही."

"दुसरी बॅटरी आणून?"

"नाही, ताई."

"आतली डबी काढून दुसऱ्यात घालून? जुन्या माझ्या मशीनची निघायची तशी..."

ती डबी निघत न्हाई. ती निघू नये म्हणून शार्दूलनं अख्खा पावसाळा भांडण केलं व्हतं कंपनीत. ज्यांनी ज्यांनी निघू दे म्हणलं त्यांना खुळ्यात काढलं व्हतं.

अनुसयानं फडकं पसरलं. राख झटकली. लॅपटॉप गुंडाळला. दोन लग्नांचे फोटो त्याच्या फोनातनं आपल्या फोनात घेतले, मुकाट. आता ती शिव्या देईल म्हणून शार्दूल वाट बघत व्हता. देऊ दे. मोकळं तरी वाटंल.

ती लॅपटॉप काखेत मारून उठली. पायवाटेला लागली आन् मागं वळून एवढंच म्हणली, "दोन नवऱ्या वाचवल्यात, दादा. उपकार झाले."

शार्दूलला शिवी परवडली असती.

ती दिसेनाशी झाली आन् फोन वाजला. कंपनीतला मोठा साहेब.

"शार्दूल, कारखान्यात माणसं खोळंबलीयेत. हो ना?"

दिवस डोंगराला टेकला व्हता.

"नाही," शार्दूल म्हणला.

"काय नाही?"

"असा नाही काढायचा माल. तीन भोकं करा. बॅटरी स्क्रूनं लावा. डबी निघाली पाहिजे. जाड झाला तर होऊ दे."

"वेड लागलंय का तुला? चार महिने मागे जाऊ आपण! अरे, तूच लढलास ना त्या दोन मिलिमीटरसाठी?"

"हो. मीच."

"मग नीट ऐक. तू हो म्हटलं नाहीस तर तुझ्या खुर्चीत जो बसेल तो म्हणेल. आत्ता, दहा मिनिटांत. कळतंय का?"

"कळतंय."

"शेवटचं विचारतो."

"नाही," शार्दूल म्हणला. आन् पुढं काय काय ऐकलं ते त्यानं तसंच ऐकून घेतलं. फोन ठिवला तवा कान लाल झालं व्हतं.

त्यो चटईवर येऊन बसला. भाजलेला हात मांडीवर. पुढं त्याचा पहिला लॅपटॉप, काच तडकलेली, पोट फाडलेलं.

"बाबा."

फकीर आत व्हता. धुराड्यातली गोधडी ओढून काढत व्हता.

"बाबा, मी नाही म्हटलं. त्यांनी मला काढून टाकलं."

"ऐकलं."

"दुसरा कुणीतरी हो म्हणेल. माल निघेलच. संताप येतो, बाबा... पण मी नाही म्हटलं. नोकरी गेली, नाव गेलं. सगळ्यावर पाणी सोडलं."

फकीर गोधडी घेऊन बाहेर आला. काजळीनं काळी झालेली. झटकली.

शार्दूल वाट बघत व्हता. आता म्हातारा डोक्यावर हात ठिवंल, असं त्याला वाटत व्हतं. न वाटून कसं चालंल? एवढं सोडलं व्हतं त्यानं...

"चुकलो होतो मी," त्यो म्हणला. "पण किंमतही मीच मोजली ना, बाबा?"

फकिरानं गोधडीची घडी घातली. खांद्यावर टाकली. खाली माळवाडीत दिवे लागत व्हते, तिकडं बघितलं.

"तू न्हाई मोजलीस, तांबटा. उद्या हिरा बापाच्या आधार कार्डाला हार घालंल."